३३ आठवड्यांचं बाळ, इमर्जन्सी सीझर... अंगावर कधी पिईल? दूध पुरेल का?

गोदाकाठची_मुलगी

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय आणि ते पण एका हाताने कारण दुसऱ्या हातात पंप आहे, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आठव्या महिन्यात माझं बीपी अचानक वाढलं, पायांना सूज तर आधीपासून होतीच पण मग लघवीत प्रोटीन आलं आणि डॉक्टर म्हणाल्या आता थांबण्यात धोका आहे. ३३वा आठवडा चालू होता. इमर्जन्सी सीझर झालं. मुलगा, १ किलो ६४० ग्रॅम. लगेच रडला पण श्वास फार भरभर घेत होता म्हणून मला नुसता गालाला लावून दाखवला आणि थेट एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेला. आता श्वासाचं मशीन निघालंय, उबेच्या काचेच्या पेटीत आहे, तोंडातून नळी घातलीय आणि दर दोन तासांनी त्यातून दूध देतायत. डॉक्टर म्हणतात प्रगती चांगली आहे.

घोळ दुधाचा आहे. पहिले दोन दिवस चिकाचे नुसते थेंब आले, सिस्टरने ते सिरिंजमध्ये ओढून नेले, मला तर लाजच वाटत होती एवढंसं द्यायला. आता आठवडा होत आला, दोन्ही बाजूंचं मिळून एका वेळी २०-२५ मिली निघतं. दिवसातून चार-पाचदा काढते, रात्री काढत नाही कारण टाके दुखतात, बीपीच्या गोळ्या चालू आहेत आणि आई म्हणते झोप पूर्ण कर नाहीतर बीपी परत वाढेल. कमी पडतं ते हॉस्पिटलवाले पावडरचं देतात. आणि हॉस्पिटलमध्ये कुणी नीट बसून काही समजावत नाही, एकजण म्हणते काढत राहा, दुसरी म्हणते टेन्शन नका घेऊ डबा आणून ठेवा.

साबांचं (सासूबाईंचं) पालुपद चालूच आहे की सीझरवाल्यांना दूध येतच नाही. वर शेजारच्या काकू भेटायला येऊन सांगून गेल्या सातव्याचं जगतं, आठव्याचं अवघड असतं. काय बोलायचं अशा माणसांना!

काल सिस्टरने पहिल्यांदा छातीशी धरायला दिला. त्याने दोनदा जीभ लावली आणि झोपून गेला. धरतच नाही. मला तिथेच रडू आलं. सीझरमुळेच दूध कमी आहे का? नळीची सवय लागली तर तो अंगावर कधीच पिणार नाही का? बीपीच्या गोळ्या दुधातून त्याला जातात का? पंप चांगला की हाताने काढणं? आणि खायचं काय, आईने डिंकाचे लाडू करून आणलेत, साबा म्हणतात भात-तूप बंद, टाके पिकतील. डोकं भणभणलंय.

रात्रपाळी_सिस्टर

ताई, आधी अभिनंदन, मुलगा झालाय हे कुणी म्हटलंच नसेल तुम्हाला या गडबडीत.

मी नवजात बाळांच्या युनिटमध्ये बरीच वर्षं काम करते. तुमच्या बाळाचे डॉक्टर सांगतील ते फायनल, पण मला जे रोज दिसतं ते सांगते.

पहिली गोष्ट, तो "धरत नाही" असं म्हणू नका, त्याला अजून जमत नाही. ओढायचं, गिळायचं आणि मधेच श्वास घ्यायचा, या तिन्हीचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या पुढे बसायला लागतो आणि नीट पक्का व्हायला ३५-३६ उजाडतो. तुमचा लेक आत्ता ३४च्या आसपास आहे. त्याने जीभ लावली, चाटलं, छातीशी शांत झोपला म्हणजे त्याच्या वयाचं काम त्याने चोख केलंय. नळीमुळे सवय मोडत नाही. उलट नळीने दूध चालू असताना त्याच वेळी छातीशी धरा, म्हणजे पोट भरण्याचा आणि तुमच्या वासाचा संबंध त्याच्या डोक्यात बसतो. छाती आधी पिळून रिकामी करून घेतली तर आणखी बरं, चुकून जोराची धार येऊन ठसका लागायची भीती राहत नाही.

दुसरं, सीझर. सीझरने दूध आटत नाही. वार बाहेर पडली की शरीराला दूध तयार करायचा निरोप जातो, मग ती खालून पडो नाहीतर पोटातून काढो. फक्त सीझरमध्ये पान्हा फुटायला जरा उशीर होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या जागी चौथा उजाडतो, कारण दुखणं, सलाईन, उठता न येणं आणि मुख्य म्हणजे बाळ जवळ नसणं. तुमच्या बाबतीत सगळंच एकदम आलं, त्यात बीपी. तरी आठवड्यात २०-२५ मिली येतंय!

आता हिशोब करू. या वजनाच्या बाळाला साधारण किलोमागे १५० मिली दूध दिवसाला लागतं, आठवड्याभरात हळूहळू तिथपर्यंत नेतात. त्याचं वजन १६०० धरा, म्हणजे २४० मिली. दोन तासांनी एक अशी १२ वेळा, म्हणजे एका वेळी २० मिली. तुम्ही एकदा काढता त्यात त्याचं एक जेवण पूर्ण होतं! कमी पडतंय ते एका वेळचं दूध नाही, काढायच्या वेळा कमी पडतायत. पाच वेळा काढलं तर शंभर-सव्वाशे, आठ वेळा काढलं तर पावणेदोनशे, आणि जसं काढाल तसं वाढतं. छातीत दूध साठून राहिलं की शरीर समजतं गरज नाही, आणि बनवणं कमी करतं. म्हणून २४ तासांत निदान आठ वेळा, आणि त्यातली एक तरी रात्रीची. रात्री दूध बनवणारं हार्मोन जास्त असतं. आईला सांगा सलग चार-पाच तास झोप घे, मग एकदा उठून काढ आणि परत झोप. सगळी रात्र सोडायची नाही एवढंच. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दिवसाला ५०० मिलीच्या जवळपास पोचायचं असं आम्ही आयांना सांगतो. तेवढं बाळाला आत्ता लागत नाही, पण घरी गेल्यावर तो वाढेल तेव्हा मागे पडायला नको.

बीपीच्या गोळ्या. बाळंतपणानंतर सहसा लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनॅलाप्रिल यातलं काहीतरी देतात, आणि ही पाजणाऱ्या आईला चालणारी औषधं आहेत. तुमच्या गोळीचं नाव बाळाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा पण स्वतःच्या मनाने एकही गोळी चुकवू नका. दुखण्याच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक सुद्धा चालतात. दुखणं सहन करत बसलात तर पान्हाच उतरत नाही, तेव्हा गोळी वेळेवर घ्या.

बाकी उद्या ड्यूटीवरून आल्यावर लिहिते.

जुळ्यांचा_बाप_नागपूर

सिस्टरताईंना शंभर टक्के मोदक, म्हणजे अनुमोदन. मी पुरुष आहे म्हणून इथे बोलू का नको असं झालं होतं पण बोलतोच.

आमची जुळी ३१ आठवड्यांची. बायको सीझरनंतर उठू शकत नव्हती तेव्हा युनिटच्या मॅडमनी मला शर्ट काढून खुर्चीत बसवलं आणि छातीवर एक पोरगी ठेवली. कांगारू मदर केअर म्हणतात त्याला, नाव मदर असलं तरी बाप, आजी, मावशी कुणीही करू शकतं. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. छातीच्या मधोमध उभं ठेवायचं, मान एका बाजूला वळवलेली, हनुवटी छातीत रुतता कामा नये, पाय बेडकासारखे दुमडलेले, आणि वरून सुती कापडाचा पट्टा आवळून बांधायचा. आमच्याकडे बायकोच्या आजीचं जुनं लुगडं कामी आलं. नळी, मॉनिटरच्या वायरी सगळं चालू असतानाही करता येतं. माझ्या छातीवरचे केस धरून ओढायची ती, बारीकशी मूठ पण काय पकड!

ही युक्ती आली कोलंबियातल्या बोगोटातून, १९७८ साली. तिथल्या डॉक्टरांकडे पेट्या कमी आणि कमी वजनाची बाळं जास्त, म्हणून त्यांनी आयांच्याच छातीवर बाळं ठेवायला सुरुवात केली, आणि ती बाळं तगली. आता जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते की दिवसाला ८ ते २४ तास करा आणि जन्मल्यापासून शक्य तितक्या लवकर चालू करा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून "भेटायची वेळ ४ ते ५" चालतं. गोदाकाठची, तुम्ही मागून घ्या, भांडून नाही पण रोज विचारा, मॅडम आज कांगारू कधी. एका बैठकीला निदान तासभर, उगाच दहा मिनिटांसाठी काढघाल केली तर बाळच दमतं.

आणि याचा दुधाशी थेट संबंध आहे. बायको कांगारू करून आली की लगेच पंप लावायची, आणि त्या वेळी नेहमीपेक्षा जास्त निघायचं, दरवेळी.

तुमच्या अहोंना माझ्यातर्फे निरोप द्या: पंपाचे भाग धुणं, उकळणं, बाटल्यांवर नाव-तारीख-वेळ लिहून चिकटपट्टी लावणं, आईसबॉक्स गाडीवरून नेणं ही सगळी खाती बापाची. मी ऑफिसला जाताना पाणी बाटली विसरायचो पण बॉक्स नाही विसरलो.

माईआजी

पोरी, आठव्याचं जगत नाही म्हणणारीला माझ्याकडे पाठव. पोटात जेवढे दिवस जास्त तेवढं बाळाला चांगलंच, सातव्यापेक्षा आठव्याचं बळकट असणार हे शेंबडं पोर सांगेल. माझा धाकटा सातमाशी. तेव्हा आमच्या गावात कसली पेटी आणि कसलं काय, कापसात गुंडाळून मागच्या खोलीत शेगडीच्या उबेला ठेवला आणि माझं दूध वाटीत पिळून सासूबाई बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने थेंब थेंब पाजायच्या. आज त्याला नातू आहे.

खाण्याचं सांगते. भाताने आणि तुपाने टाके पिकतात हा खुळेपणा आहे. टाके पिकतात ते घाणीने आणि साखर वाढली तर. वरण-भात-तूप, मऊ खिचडी, पालेभाजी, अंडं-मासे खात असशील तर तेही, अळिवाची खीर, खसखशीची, दूध भरपूर. डिंकाचा लाडू रोज एक बास, नाहीतर वजन तुझंच वाढेल. पाणी कुणी मोजून देत असेल तर ऐकू नको. पाणी कमी प्यायलीस तर आधी तुझाच घसा कोरडा आणि मग मलावरोध, आणि टाक्यांवर जोर देणं म्हणजे काय ते तुला कळलंच असेल आता.

बाळ घरी आलं की पाचवीनंतर बाळगुटी चालू कर, दोन-दोन वळसे, पचन सुधारतं. मध चाटव थोडा.

रात्रपाळी_सिस्टर

माईआजी, जेवणाचं बोललात ते सोन्यासारखं, पण गुटी आणि मध नाही, आणि लवकर आलेल्या बाळाला तर अजिबात नाही. मधात असे जंतू असू शकतात की ज्यांनी वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू लुळे पडतात. आणि सहाण, वेखंड, पाणी यातून आतड्याला जंतूसंसर्ग झाला तर या बाळांना तो झेपत नाही. लवकर जन्मलेल्यांची आतडी नाजूक असतात, आतडं सडण्याचा नेक म्हणून एक भयंकर आजार होतो, आईचं दूध मिळालं तर त्याचा धोका कमी होतो, म्हणून तर आम्ही थेंबा-थेंबाच्या मागे लागतो. ताई, तो सिरिंजमधला चीक देताना तुम्हाला लाज वाटली ना, आम्ही तो थेंब गालाच्या आतून फिरवतो, औषधासारखा. लवकर बाळंत झालेल्या आईच्या चिकात रोगप्रतिकारक घटक आणि प्रथिनं जास्तच असतात.

अळीव, शतावरी, मेथी याने दूध वाढतं का, तर खा, अन्न म्हणून चांगलं आहे, पण आठ वेळा काढणं याला तो पर्याय नाही. मेडिकलवाल्याने दूध वाढायची डोम्पेरिडोनची गोळी दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

आता काढायचं कसं. हात की पंप, तर दोन्ही. पहिल्या दिवसांत चीक घट्ट असतो, पंपाला चिकटून वाया जातो, तिथे हातच बरा. आता पान्हा फुटलाय तर दोन्ही बाजू एकदम ओढणारा इलेक्ट्रिक पंप वेळ वाचवतो, पण शेवटी दोन-चार मिनिटं हाताने काढा, मागे राहिलेलं घट्ट, स्निग्ध दूध त्यात येतं आणि वजन त्यानेच वाढतं. हात साबणाने धुवा, कोमट ओल्या कपड्याने शेका, बोटांनी गोल गोल चोळा बगलेकडून पुढे. मग अंगठा वर आणि दोन बोटं खाली, निपलपासून दोनेक सेंटीमीटर मागे, काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीच्या फासळ्यांकडे आत दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. परत. बोटं कातडीवर घसरवायची नाहीत, घसरली की दुखतं आणि दूध येत नाही. धार मंदावली की बोटं थोडी फिरवून दुसरीकडून. पंपाचं फनेल निपलला घासत असेल तर साईज चुकीची आहे, बदलून घ्या, बऱ्याच बायका महिनाभर चुकीच्या साईजने रक्त काढत बसतात.

दूध स्टीलच्या किंवा काचेच्या उकळलेल्या भांड्यात, वर झाकण, वर नाव आणि वेळ. बाहेर चार तासांपर्यंत, उन्हाळ्यात त्याहून लवकर संपवा. फ्रिजमध्ये ठेवायचं तर दारात नाही, आत मागच्या बाजूला. पेटीतल्या बाळासाठी किती तासांपर्यंतचं घेतात ते प्रत्येक युनिटचं वेगळं असतं, बऱ्याच ठिकाणी २४ तासांच्या आतलंच घेतात, तेव्हा आधी विचारून घ्या. आणि कोमट करायचं ते गरम पाण्याच्या वाटीत ठेवून, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच.

मिश्र_मत

सगळं बरोबर आहे पण एक दुसरी बाजू लिहिते, नाहीतर इथे वाचणाऱ्या निम्म्या बायका रात्री रडत बसतील.

माझी मुलगी ३० आठवड्यांची. मी आठ वेळा काढलं, रात्री काढलं, कांगारू केलं, सगळं केलं. माझं दूध कधीच पूर्ण पुरलं नाही. असं होतं काही जणींचं, थायरॉईड असेल, पीसीओएस असेल, छातीचं आधी ऑपरेशन झालं असेल किंवा काहीच कारण सापडत नाही. निघेल तेवढं माझं आणि बाकीचं फॉर्म्युला असं करत ती वाढली, आता बालवाडीत सगळ्यांना चावत फिरते. तेव्हा थेंबाथेंबाचं महत्त्व मान्य, पण पावडर दिली म्हणजे पाप केलं असं कुणी सांगायला आलं तर सरळ दार दाखवा.

आणखी एक कुणी सांगत नाही. बाळ फार कमी वजनाचं असेल, साधारण दीड किलोच्या आतलं, तर डॉक्टर तुमच्याच दुधात एक पुडी मिसळायला सांगतात, एचएमएफ म्हणतात. मला वाटलं होतं माझं दूध पातळ आहे म्हणून देतायत. तसं नसतं. शेवटच्या तीन महिन्यांत पोटात जे कॅल्शियम, फॉस्फरस, प्रथिनं मिळायची ती या पोरांना मिळालेली नसतात, त्याची भर असते ती.

"डबा आणून ठेवा" म्हणणाऱ्यांना मात्र मीही नाही सोडणार. गरज असेल तर डॉक्टर लिहून देतील. १९९२ पासून आपल्याकडे कायदा आहे की बाळाच्या दूध पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, फुकट सँपल वाटता येत नाहीत. आणि बाटली तर घेऊच नका, घरी गेल्यावर लागलं तर वाटी-चमचा.

ऑगस्टची_वाट

जरा वेगळा प्रश्न पण याच विषयातला आहे म्हणून विचारते. माझं बाळ पायाळू आहे म्हणून ३८-३९व्या आठवड्यात ठरवून सीझर आहे. बाळ पूर्ण दिवसांचं असेल तर टेबलवरच पाजता येतं का? मैत्रिणीला दुसऱ्या दिवशी दिलं बाळ.

रात्रपाळी_सिस्टर

येतं. पाठीत इंजेक्शन देऊन केलेल्या सीझरमध्ये आई जागीच असते, बाळ बरं असेल तर पुसून तिथेच छातीवर आडवं ठेवता येतं आणि पहिल्या तासात तोंडही लावता येतं. पण हे आधीच बोलून ठेवा, तुमच्या डॉक्टरांशी आणि भूलतज्ज्ञांशी सुद्धा, त्या क्षणी ऑपरेशन थिएटरमध्ये कुणाला सुचत नाही. छातीवरच्या मॉनिटरच्या पट्ट्या एका बाजूला लावायला सांगा आणि गाऊन पुढून उघडणारा मागा.

वॉर्डात आल्यावर पहिले दिवस कुशीवर झोपून पाजा, पाठीमागे उशी, गुडघ्यांत उशी, बाळाचं पोट तुमच्या पोटाला. बसता यायला लागलं की काखेतून, म्हणजे बाळाचं धड तुमच्या काखेखाली आणि पाय मागे, डोकं तुमच्या हातावर. टाक्यांवर वजन येत नाही. ही पद्धत गोदाकाठच्या ताईंना पण पुढे उपयोगी पडेल, कारण लहान बाळाची मान हातात नीट धरता येते आणि तो ओढतोय का नुसता चघळतोय ते दिसतं.

अजून एक. सीझरमध्ये आईला खूप सलाईन गेलेलं असतं, त्यामुळे बाळाचं जन्मवजन थोडं फुगलेलं असू शकतं आणि दोन दिवसांत वजन जरा जास्तच उतरलेलं दिसतं. त्यावर नजर ठेवायची, पण लगेच दूध पुरत नाही असा शिक्का मारायचा नाही. शू-शी किती होते ते बघा.

गोदाकाठची_मुलगी

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. सिस्टरताई, तो २४० मिलीचा हिशोब मी कागदावर लिहून साबांना दाखवला, त्या पहिल्यांदा गप्प बसल्या. आता रात्री अडीचचा अलार्म लावते, नवरा उठून पंप जोडून देतो, मी अर्धवट झोपेत बसते. एका वेळचं ४० पर्यंत जायला लागलंय, सकाळी पहिल्यांदा काढते तेव्हा त्याहूनही जास्त. पावडर बरीच कमी झालीय. कांगारूला पण परवानगी मिळाली, दुपारी दोन तास, रोज विचारून विचारून.

त्याने परवा नळीच्या आधी पाच मिनिटं खरंच ओढलं, गिळल्याचा आवाज आला. मग एकदम थांबला आणि ओठ निळसर दिसले, मी घाबरून सिस्टरला हाक मारली, तिने काढून उभा धरला तर नीट झाला. हे नॉर्मल आहे का?

आणि माझ्या जावेला दोन महिन्यांचं बाळ आहे, तिला खूप दूध येतं. ती म्हणते माझं नेत जा. साबांचंही तेच म्हणणं आहे, घरचंच तर आहे. द्यावं का?

रात्रपाळी_सिस्टर

हाक मारलीत ते उत्तम केलंत. या वयात ओढायच्या नादात श्वास घ्यायचा राहून जातो. लगेच छातीपासून काढायचं, उभं धरायचं, पाठीवर हलकं चोळायचं, रंग आला की मग पुढे. असं वारंवार झालं तर त्या दिवशी परत नळीवर. म्हणून घाई करू नका. आधी दिवसातून एकदा-दोनदा, तो जागा असताना, मग वाढवायचं, आणि वजन बघत बघत नळीतलं कमी करायचं. वजन कसं वाढतंय ते रोज विचारा, या टप्प्यावर किलोमागे दिवसाला १५-२० ग्रॅम वाढ चांगली. निपल तोंडात धरून ठेवता येत नसेल तर काही बाळांना पातळ सिलिकॉनचं कव्हर, निपल शील्ड, थोडे दिवस लावून फायदा होतो, पण युनिटमधल्या कुणीतरी बघून दिलं पाहिजे.

जावेचं दूध: मन मोठं आहे त्यांचं, पण कच्चं नका देऊ. दुधातून एचआयव्हीसारखे संसर्ग जाऊ शकतात, काही औषधं जातात, घरचं माणूस म्हणून तपासण्या झालेल्या असतातच असं नाही. त्यासाठी दुग्धपेढी असते. देणाऱ्या आईची रक्त तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून जंतू मारतात, मग तपासून गोठवतात. आशियातली पहिली दुग्धपेढी आपल्या मुंबईतली, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ला सुरू केली. तुमच्या जवळ कुठे पेढी असेल तर जावेला तिथे दान करायला सांगा, कुणाच्या तरी बाळाला मिळेल. आणि ऑनलाईन "मानवी दूध" म्हणून काही विकत मिळालं तर हातही लावू नका, २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्पष्ट सांगितलंय की त्याची विक्री चालत नाही. तुमचं स्वतःचं ४० वर गेलंय, आठ वेळा म्हटलं तरी ३२० झालं, आता जावेची गरजच काय?

माईआजी

गुटी नाही तर नाही, बरं बाई. पण बोंडलं दे हो, ते तर चालेल ना? हल्लीच्या पोरींना ते काय असतं तेच माहीत नाही.

रात्रपाळी_सिस्टर

चालेल की आजी! आमच्या युनिटमध्ये पलाडाई म्हणून स्टीलचं तेच भांडं वापरतात, दक्षिणेकडून आलंय. फक्त दरवेळी उकळून घ्यायचं, आणि बाळ पूर्ण जागं असताना, अर्धवट उभं धरून, कडा खालच्या ओठावर टेकवून थोडं थोडं. तोंडात ओतायचं नाही, त्याला जिभेने घेऊ द्यायचं.

जुळ्यांचा_बाप_नागपूर

पंप विकत घेऊ नका एवढं सांगतो, भाड्याने मिळतो हॉस्पिटल ग्रेडचा, डिपॉझिट घेतात. फक्त नळ्या, फनेल, बाटल्या यांचा संच स्वतःचा नवीन घ्यायचा, दुसऱ्याचा वापरलेला नाही. आणि लाईट जाते तिथे राहत असाल तर साधा हाताचा एक जवळ ठेवा.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डवर आयर्नचे थेंब, ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट आणि डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख आहे ना ते बघा. ती आरओपीची तपासणी ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोच्या आतल्या बाळांची जन्मानंतर महिन्याच्या आत व्हायला हवी, आमच्या वॉर्डात एकांनी बारशाच्या गडबडीत पुढे ढकलली होती, मॅडमनी फोन करून करून बोलावून घेतलं.

रात्रपाळी_सिस्टर

हो, ती तारीख अजिबात चुकवू नका. आणि घरी गेल्यावर तो भुकेने रडेल याची वाट बघू नका, ही बाळं झोपाळू असतात, उपाशी असली तरी झोपून राहतात. दर दोन-अडीच तासांनी उठवा, दुपटं काढा, तळपाय चोळा. दिवसाला सहा तरी शू झाल्या पाहिजेत. अंग पिवळं दिसलं, दोन वेळा सलग प्यायलाच उठला नाही किंवा हातपाय गार पडले तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ घेऊन या. तुम्हाला स्वतःला डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आधी तुमचं बीपी मोजायचं, पंप नंतर.